फुलीवाले काका आणि पखाल

कुत्रा दारात येऊन उभा राहिला तेव्हा फुलीवाल्या काकांनी आधी त्याचे पाय पाहिले, मग पोट, मग पाठ, आणि सगळं पाहून झाल्यावर बहिणीला सांगितलं, "हा माल परत पाठव."

तसं त्यांचं फार चुकत नव्हतं. पोट भोपळ्यासारखं सुटलेलं आणि त्याखाली चार काटक्या. पाठीवरचे केस झडलेले, शेपटीवर तर औषधालाही केस नाही. उघडी पडलेली कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत. कारखान्यात असलं कातडं आलं असतं तर काकांनी ते अस्तरालाही लावू दिलं नसतं. वर जीभ हातभर बाहेर आणि भात्यासारखी धाप. जिना चढून आला म्हणावं तर तेही नाही, महाराज लिफ्टने आले होते.

"माल काय म्हणतोस, दादा? जीव आहे तो," बेबी म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय. वस्तू असती तर माळ्यावर तरी टाकता आली असती."

बेबी ही काकांची धाकटी बहीण. साठी ओलांडली, नवरा गेला, गुडघे गेले, पण नाव बेबीच राहिलं. नवऱ्यामागे ती दोन कपाटं आणि एक शिलाई मशीन घेऊन भावाकडे राहायला आली त्याला बरीच वर्षं झाली होती. ती कपाटं चुकीच्या भिंतीला लावली आहेत, हे काका तिला अजूनही सवड मिळेल तसं सांगत.

पट्ट्याचं दुसरं टोक संस्थेवालीच्या हातात होतं. म्हातारी, आजारी, लोकांनी टाकून दिलेली कुत्री ही संस्था गोळा करी आणि कायमचं घर मिळेपर्यंत कुणाकुणाच्या घरी सांभाळायला ठेवी. बेबीने आपलं नाव तिथे परस्पर दिलं होतं. संस्थेवाली बाई सदा हसतमुख, आणि सदा हसतमुख माणसांचा काकांना जन्मजात तिटकारा.

"आमचा सोनुल्या खूप गोड आहे हं काका. फक्त त्याला कुशिंग्ज आहे."

"ते काय असतं?"

"शरीरात एक रस गरजेपेक्षा जास्त तयार होतो. मग तहान जास्त, भूक जास्त, शू जास्त..."

"कमी काय आहे ते सांगा. लवकर आटपेल."

बाई आणखी हसली. मग बेबीला बाजूला घेऊन, पण काकांना ऐकू जाईल अशा बेताने, तिने सांगितलं की तीन घरांनी त्याला परत केलंय. इथूनही परत आला तर पुढचं घर मिळणार नाही, आणि मग डॉक्टरांना सांगून त्याला कायमचं झोपवण्यावाचून संस्थेपुढे इलाज नाही. आधीच्या घरी उरलेली गोळ्यांची बाटली तिने टेबलावर ठेवली, बेबीचा आणि कुत्र्याचा गाल लावून फोटो काढला आणि गेली. संध्याकाळपर्यंत त्या फोटोखाली जगभरच्या लोकांनी लाल बदाम टाकले. बेबीने ते काकांना कौतुकाने दाखवले.

"यातला एक तरी बदाम फडकं घेऊन लादी पुसायला येणार आहे का?" काकांनी विचारलं.

एवढं बोलून होईतो कुत्र्याने टेबलाच्या पायाशी तळं केलं होतं.

काकांना सगळी इमारत फुलीवाले काका म्हणे, ते उगीच नाही. बुटांच्या कारखान्यात त्यांचा जन्म तपासणीच्या टेबलावर गेला. लांबलचक खोली, कातड्याचा आणि सोल्यूशनचा वास, डोक्यावर लोंबता दिवा आणि समोर न संपणाऱ्या जोड्या. काका एकेक बूट उचलत, टाच दाबत, तळ वाकवून पाहत, शिवणीवरून अंगठ्याचं नख फिरवत. नखाला जरा खरखर लागली की तळावर खडूची पांढरी फुली. फुली पडली की बूट बाद. तो दुरुस्त कसा करायचा हे काकांना कधी कळलं नाही आणि त्यांनी कधी विचारलंही नाही. दुरुस्ती हे त्यांच्या मते कमी प्रतीच्या लोकांचं काम होतं.

तपासणीची टेबलं दोन असत, एकापुढे एक. शिरस्ता असा, की पहिल्याने सोडलेला बूट दुसऱ्याने नव्याने पाहायचा, जणू पहिल्याने तो पाहिलाच नाही. काका कायम दुसऱ्या टेबलावर. पहिल्या टेबलावर इतकी माणसं आली, गेली, वर चढली, मेली. त्यातल्या एकाचाही शिक्का काकांनी उभ्या नोकरीत खरा मानला नाही. याचा त्यांना फार अभिमान. निरोपाच्या दिवशी व्यवस्थापकाने भाषणात हेच सांगितलं, तेव्हा भाषणातल्या दोन चुका काकांनी त्याला तिथल्या तिथे काढून दिल्या.

कारखाना सुटला, खडू सुटला नाही. जिन्यातल्या उखडलेल्या फरशीवर फुली, उघड्या राहिलेल्या मीटरच्या पेटीवर फुली, रेषेबाहेर लावलेल्या गाडीच्या चाकावर फुली. खालच्या मजल्यावरच्या विमा एजंटाच्या गाडीला तर इतक्या फुल्या पडल्या की तो म्हणाला, "काका, गाडी विकायला काढली तर लोक म्हणतील लिलावातली आहे." काकांनी त्यावर त्याला इतकंच सांगितलं की लिलावातही ती कुणी घेणार नाही.

लग्नाचंही तेच झालं. आपल्याला कुणी पसंतच पडली नाही, असं काका सांगत.

"खरंय," बेबी म्हणे, "आणि जी पडली तिला हा पडला नाही. फिटंफाट."

तर अशा माणसाच्या घरात तो कुत्रा आला. सोनुल्या हे नाव काकांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. जुन्या काळी पाणी वाहायला कातड्याची मोठी पिशवी असे, तिला पखाल म्हणत. एका बाजूने भरायचं, दुसऱ्या बाजूने सोडायचं, यापलीकडे तिला उद्योग नाही. काकांनी कुत्र्याचं नाव पखाल ठेवलं आणि विषय मिटवला.

पखाल वाडगंभर पाणी एका दमात पिई, मान वर करून 'संपलं' अशा नजरेने बघे आणि दुसरं वाडगं भरेपर्यंत पहिलं लादीवर सोडून मोकळा होई. बेबीने घरभर जुन्या चादरी अंथरल्या. काका त्यांतून टाचा उचलून, विजार पोटरीपर्यंत दुमडून चालत, जशी नदीच पार करायची आहे. भुकेचा तर धरबंधच नव्हता. पावाचा पुडा कागदासकट गेला. भांडी घासायचा स्पंज गेला. एका सकाळी काकांच्या खडूची अख्खी डबी गेली आणि पखालचं तोंड पांढरंफटक झालं.

"याला अक्कल नाही," काका म्हणाले, "पण निदान चांगल्या कंपनीचा खडू ओळखतो."

संस्थेने नेमून दिलेल्या डॉक्टरीणबाईकडे दोघं भावंडं त्याला घेऊन गेली. काकांना ती पाहताक्षणी नापास वाटली. वय कमी, केस कसेतरी वर गुंडाळलेले, आणि पायात कापडी बूट, ज्यातल्या डाव्या बुटाचा तळ पुढून सुटून जबड्यासारखा उघडत होता. तिने पखालला स्टीलच्या टेबलावर घेतलं, रक्त काढलं, पोट चाचपलं आणि मग कितीतरी वेळ नीट समजावून सांगितलं. तेवढा वेळ काका त्या बुटाकडे पाहत होते. शिवण कुठून उसवली असेल, दोरा कुठला असेल, आणि असला बूट पायात घालणारी माणसं रुग्णाचं काय करत असतील. बेबीने ऐकावं, तर तिने पखालचं डोकं छातीशी धरलं होतं आणि त्याच्या कानात तिचं "झालं हं, झालं माझ्या राजा" चाललं होतं. चार कानांतला एकही डॉक्टरीणबाईच्या वाट्याला आला नाही. भावाला वाटलं, ऐकायला बहीण आहे. बहिणीला वाटलं, दादाच्या कानातून काय सुटतंय.

गोळी सकाळी, खाण्याबरोबर, एकच, हे गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलेलं होतं म्हणून कळलं. जुनी बाटली तशीच उरली. औषध तेच, ताकद तीच. बेबी ती टाकून देणार होती, पण काकांनी उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. चांगला माल फेकणाऱ्यांत आणि वाईट माल ठेवणाऱ्यांत ते फरक करत नसत.

गोळी द्यायचं काम बेबीचं. ती उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यात गोळी खुपसून पखालपुढे धरी आणि तो तुकडा हातासकट ओढी. हे ठीक चाललं होतं. मग एका सकाळी टेबलाखाली काकांच्या सपातेखाली काहीतरी चुरडलं. वाकून पाहिलं तर गोळी. लाळेने भिजलेली, कोंबडीचा धागा चिकटलेली. अधाश्यासारखं गिळताना तोंडातून निसटली असणार.

दुसरा कुणी असता तर हाक मारून म्हणाला असता, अगं, गोळी पडली बघ. काकांनी हाक मारली नाही. त्यांनी ती चुरडलेली गोळी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. पहिलं टेबल चुकलं होतं. पहिलं टेबल चुकायचंच. बोलून माणूस सुधारतो यावर काकांचा विश्वास नव्हता. दुसऱ्या टेबलाने आपलं काम करायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून बेबी आंघोळीला गेली की काका कपाटातली बाटली काढत, पावाच्या तुकड्यात गोळी दाबत आणि पखालला नीट गिळायला लावत. मग जबडा उघडून आत नजर टाकत. पखालची काही तक्रार नव्हती. त्याला सकाळचा नाश्ता दोनदा मिळू लागला होता.

गुण आला. पाणी कमी झालं, तळी आटली, बेबीने चादरी एकेक करून उचलल्या. स्पंज जागच्या जागी राहू लागला. धापही बसली.

"बघ, माझ्या हाताला गुण आहे," बेबी म्हणाली.

काका चहा फुंकत राहिले. अशा वेळी गप्प राहण्यात त्यांना जी मजा येई ती बोलण्यात आली नसती.

संस्थेवाली आली, तिने फोनवर पखालचं चालणं टिपलं आणि फोनलाच सांगितलं, "बघा मित्रांनो, हा सगळा प्रेमाचा परिणाम आहे."

"प्रेम म्हणे," स्वयंपाकघरातून आवाज आला. "प्रेमाने कधी शिवण बसलीय का?"

संध्याकाळी पखालला फिरवायचं काम आता काकांकडे आलं होतं. म्हणजे त्यांनी ते बेबीच्या गुडघ्यांना नावं ठेवत काढून घेतलं होतं. कोपऱ्यावर बुटांचं दुकान होतं. काका काचेसमोर थांबत आणि एकेका बुटाची लाज काढत. "तो तपकिरी बघ. पुढून राजा, मागून भिकारी. टाच बघ, टाच." पखाल बसून ऐके. घरी बेबी अर्ध्यात उठून जाई, इमारतीतले लोक काका दिसले की लिफ्ट सोडून जिन्याने जात, पण पखाल शेवटच्या जोडीपर्यंत बसे. त्याला बसण्यावाचून काही फारसं जमत नव्हतं हे खरं. काकांनी ते श्रोत्याच्या समजूतदारपणात जमा केलं.

पुढे पखाल फारच शहाणा झाला. फ्रिज उघडल्याचा आवाज आला तरी जागचा हलेना. ताटली समोर ठेवली की हुंगून मान वळवी. दुकानापर्यंत जाऊन यायचं तर मध्येच बसकण मारी. काका त्याला वाटेल तितका वेळ बसू देत. वळण लागलं, ते मनाशी म्हणाले. असला कुत्रा, तीन घरांनी टाकलेला, आणि आपल्या हाताखाली माणसात आला. एका दुपारी तो कोपऱ्यात निमूट पडलेला असताना काकांनी त्याला पायापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं आणि जो शब्द त्यांनी माणसांसाठी कधी खर्चला नव्हता तो त्या कुत्र्यावर खर्चला.

"पास," ते म्हणाले.

बेबीच्या मनात मात्र पाल चुकचुकली. "दादा, हा नीट खात नाहीये."

"खात होता तेव्हा रडत होतीस. आता खात नाही म्हणून रड."

"काल उलटीपण झाली."

"तू शिजवलेलं होतं ना? मग."

बेबीने भावाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं. असल्या माणसाशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, असं तिचं जुनं मत होतं. आणि भिंतीशी बोलून काही होत नाही म्हणून तीही गप्प बसली. सकाळी तिने गोळी दिली. तुकडा घेईना, तेव्हा घशात ढकलून दिली. ती आंघोळीला गेल्यावर काकांनीही ढकलून दिली.

त्याच दुपारी पखाल उठायला गेला आणि मागचे पाय पसरून बसला. थरथरू लागला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. मग आडवा झाला आणि पिवळं पाणी ओकला. बेबीने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

"उचल ना याला," ती म्हणाली. "बघत काय बसलायस?"

काकांनी उचलायचा प्रयत्न केला. पोट एका बाजूला आणि कुत्रा दुसऱ्या बाजूला जाऊ लागला. त्यांनी त्याला चादरीवर ओढलं, चादर दारापर्यंत ओढली आणि तिथे कंबर धरून उभे राहिले. टॅक्सीचा नंबर लागेना. मग आयुष्यात प्रथमच ते खालच्या मजल्यावरची घंटा वाजवायला गेले.

विमा एजंट बनियनवर बाहेर आला.

"गाडी आहे का?" काकांनी विचारलं.

"आहे की. रेषेच्या आतच आहे. फुली मारायचीय?"

"कुत्रा मरतोय."

एजंट तसाच बनियनवर किल्ल्या घेऊन निघाला. वाटेत तो एक अक्षर बोलला नाही, आणि त्याच्या गप्प बसण्यात काकांना काहीच चूक काढता आली नाही. त्यांनी शोधली होती.

डॉक्टरीणबाईने पखालला टेबलावर घेतलं. ताप पाहिला, हिरडी दाबून पाहिली, छातीला नळी लावली. तिच्या कपाळाला आठी पडली.

"गोळी किती देता?"

"एकच," बेबी म्हणाली. "रोज सकाळी. माझ्या हाताने. एक दिवस चुकलेला नाही."

"नक्की एकच?"

"देवाशप्पथ एक."

"मग गोळीचं नसावं. मूत्रपिंडं गेली असतील. रक्त पाठवते, तोवर त्याच बाजूने उपचार सुरू करू. पण खोटी आशा नाही देणार मी. हृदय फार सावकाश चाललंय."

काका भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा हात सदऱ्याच्या खिशात होता, आणि खिशात खडूशेजारी ती बाटली होती. सकाळी कपाटात ठेवायची राहून गेली होती. ती आता अर्धीअधिक रिकामी होती.

त्यांना सगळं एकदम दिसलं. अशा गोष्टी दिसायला वेळ लागत नाही, चष्माही लागत नाही. बोललं तर संस्थेवाली कुत्रा घेऊन जाणार, हसत हसत घेऊन जाणार. बेबी मरेपर्यंत ऐकवणार. दारात तो बनियनवाला उभा आहे, तो उद्या सगळ्या इमारतीला सांगणार, आणि जिथे जिथे खडूची फुली आहे तिथे तिथे लोक थांबून दात काढणार. न बोललं तर काहीच होणार नाही. मूत्रपिंडं गेली, म्हातारा होता, गेला. कुणी बाटली शोधायला येणार नव्हतं.

टेबलाच्या कडेवरून पखालचा एक पाय लोंबत होता. तळव्याची कातडी चिरलेली. काकांनी ती आजवर नीट पाहिलीच नव्हती. नापास म्हणून सोडून दिली होती.

"दोन," ते म्हणाले.

"काय दोन?" डॉक्टरीणबाईने मान वळवली.

"गोळ्या. एक ही देते. एक मी." त्यांनी बाटली काढून टेबलावर ठेवली. "हिची एकदा खाली पडलेली सापडली. तेव्हापासून रोज."

बेबीने भावाकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, पुन्हा भावाकडे पाहिलं.

"आणि मला नाही सांगितलंस?"

"नाही."

"का?"

काकांनी खरं उत्तर शोधलं. ते फार लांब नव्हतं. "तू ते नीट करशील असं मला वाटलं नाही."

डॉक्टरीणबाईचं लक्ष या बोलण्याकडे नव्हतं. तिने दुसरीच सुई भरायला घेतली होती, मदतनिसाला दुसरीच सलाइनची बाटली आणायला सांगितली होती. हात चालवता चालवता ती म्हणाली, "याच्या अंगात तो रस जास्त होता. तुम्ही दोघांनी मिळून पार तळ गाठलात. आता तोच बाहेरून भरायचा. रक्ताचा अहवाल येईपर्यंत मी दुसऱ्याच वाटेने गेले असते." सुई टोचून झाल्यावर तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी. हा कुत्रा खायचा थांबला तर गोळी बंद करा आणि लगेच फोन करा. या आजारात भूक गेली तर ती चांगली बातमी नसते. कोण ऐकत होतं?"



"मी त्याला धीर देत होते," बेबी म्हणाली.

"मी तुमचे बूट पाहत होतो," काका म्हणाले. "डाव्याचा तळ सुटलाय."

डॉक्टरीणबाईने खाली पाहिलं. "कधीचाच सुटलाय. वेळ कुठाय?"

"दादा," बेबी सावकाश म्हणाली, "आजवर तू जगात जेवढ्यांना मूर्ख म्हणालास ना, त्या सगळ्यांची माफी माग. तू खरा अकलेचा कांदा."

"हो," काका म्हणाले.

दारातला एजंट औषधांच्या जाहिरातीकडे तोंड करून फार बारकाईने वाचू लागला. त्याचे खांदे हलत होते.

पखाल मेला नाही. मरायला जेवढी व्यवस्था लागते तेवढी त्या भावंडांनी केली होती, पण तो चिवट निघाला. दवाखान्याच्या मागल्या खोलीत सलाइन लावून त्याला ठेवलं, आणि काका रोज तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसू लागले. खुर्चीचा एक पाय आखूड होता. त्यांनी त्यावर फुली मारली नाही. त्याखाली कागदाची घडी सारली. आपण हे काय केलं असं वाटून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण कुणी पाहिलं नव्हतं.

संस्थेवालीचा फोन आला. आज ती हसत नव्हती. "काका, झालं ते फार गंभीर आहे. सोनुल्याला तुमच्याकडे ठेवायचं की नाही, याचा आम्हाला विचार करावा लागेल."

"करा," काका म्हणाले. "त्या लाल बदामवाल्यांत बघा कुणी आहे का. मिळाला तर घेऊन जा. मी दार उघडून देईन, गोळ्या समजावून सांगीन. आता मला त्या पाठ आहेत."

बदामवाल्यांत कुणी निघालं नाही. कुणाकडे मांजर होती, कुणाकडे नवा गालिचा होता, कुणी पखालसाठी मनापासून रडणाऱ्या चेहऱ्याचं चित्र पाठवलं. काकांना यात नवीन काही वाटलं नाही. जगाबद्दलचं त्यांचं मत तसंच राहिलं. त्यात फक्त एका माणसाची भर पडली होती, आणि तो रोज दाढी करताना आरशात भेटत होता.

पखाल घरी आला. गोळी काही काळ बंद राहिली आणि मग पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा कमी ताकदीची. त्या दिवशी बेबीने भावाच्या खिशातून खडू काढून घेतला.

"गोळी जो देईल त्याने स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर फुली मारायची. एकाची फुली दिसली की दुसऱ्याने गप्प बसायचं. रात्री झोपताना पुसायची."

"फुली म्हणजे बाद," काका म्हणाले.

"तुझ्या कारखान्यात. इथे फुली म्हणजे झालं."

बेबीच्या फुल्या काकांना पाहवत नसत. एक रेघ लांब, एक आखूड, कधी तर नुसता ओरखडा. गुडघ्यांमुळे ती गोळी बसूनच देई आणि बसल्या बसल्याच चौकटीवर अगदी खाली फुली मारी. काका रोज सकाळी ती फुली बघत, एक उसासा सोडत आणि गोळ्यांच्या ड्रॉवरकडे जायची पावलं आवरून चहाला वळत. ती पावलं आवरायला त्यांना किती कष्ट पडत हे त्यांच्या पाठमोऱ्या मानेवरून कळे.

मग एक दिवस ते उठून आले तर चौकटीवर फुली नव्हती. तिच्या जागी एक ओला, पांढुरका डाग होता. खाली पखाल बसला होता आणि मिशा चाटत होता. तोंडावर खडू. भूक परत आली होती, आणि चांगल्या कंपनीच्या खडूची ओळखही तो विसरला नव्हता.

काका चौकटीसमोर उभे राहिले. फुली होती आणि याने चाटली, की बेबीने नुसताच हात पुसलाय? की हा डाग कालचाच? त्यांनी वाकून नखाने खरवडून पाहिलं. नखाला काहीच कळलं नाही. मग त्यांनी ड्रॉवर उघडून पाकिटातून एक गोळी तळहातावर काढली. पखालने तळहाताकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असं होतं की आपण आज काहीच खाल्लेलं नाही, कालही नाही, कदाचित जन्मल्यापासून नाही.

बेबी गॅलरीत कपडे वाळत घालत होती.

काका गॅलरीकडे वळले. इतक्या वर्षांत दुसऱ्या टेबलावरून पहिल्या टेबलाला त्यांनी एकदाही काही विचारलं नव्हतं. तसा प्रघातच नव्हता.

"बेबी."

"काय रे?"

"गोळी दिलीस का?"

"दिली की. फुली नाही दिसली?"

"नक्की?" हा शब्द त्यांच्या ओठापर्यंत आला होता. त्यांनी तो गिळला. तो गिळताना त्यांचा चेहरा असा झाला, की पखालनेही काही मिळेल म्हणून शेपटी हलवली.

"दिसली," ते म्हणाले.

गोळी पाकिटात परत गेली. ड्रॉवर बंद झाला. पखालला हा निकाल मान्य नव्हता. तो मान वर करून घसा खरवडल्यासारखा भुंकला.

"काय मेला हावरट आहे," काका म्हणाले. "नाव ठेवायलासुद्धा जागा नाही राहिली याच्यात." आणि त्यांनी पावाची कड मोडून त्याच्यापुढे धरली. ती हातासकट गेली.

मग बोटं विजारीला पुसून त्यांनी फळीवरचा खडू घेतला आणि चौकटीवर, कुत्र्याची जीभ पोचणार नाही इतक्या वर, बेबीच्या नावची फुली मारली. दोन्ही रेघा सारख्या.